वरच्या वावरातली थंडी

आमच्या गच्चीवर मासे आहेत असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "खाता का?" नाही म्हटलं की दुसरा येतो, "मग कशाले पाळता?" मी पालक दाखवते, मेथी दाखवते, हिरव्या मिरचीची दोन झाडं दाखवते. लोक मान डोलावतात आणि मनातल्या मनात आम्हाला वेड्यात काढून खाली उतरतात. खरं उत्तर मी कुणालाच देत नाही. खरं उत्तर असं की त्या माशांच्या निमित्तानं माझे बाबा माझ्या घरी राहिले, आणि गेल्या हिवाळ्यात ते मासे मरायला टेकले होते.

बाबांचं गाव पवनारच्या पलीकडे. आई गेल्यावर ते तिथे एकटेच राहत. मला भाऊ नाही. वावर ठेक्यानं दिलेलं, दम्याचा जुना त्रास, आणि स्वभाव असा की शेजाऱ्याला हाक मारायचीसुद्धा लाज वाटावी. एकदा न्हाणीत पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. ते कळल्यावर मी आणि माझा नवरा गेलो आणि त्यांना जवळजवळ उचलूनच वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला, आमच्या घरी घेऊन आलो.

आले, पण एक पिशवी घेऊन आले. दोन धोतरं, बंड्या, दम्याची औषधं आणि त्यांची काळी घोंगडी. पिशवी त्यांनी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. मी कपाटातला कप्पा देऊ केला तर म्हणाले, "दोन दिवसाले कपाट कायले पाह्यजे?" रात्री स्वतःचीच घोंगडी पांघरायचे आणि सकाळी उठल्याबरोबर घडी घालून परत पिशवीत भरायचे. माझ्या घरात रजयांचा ढीग पडलेला. पण लेकीच्या घरी बापानं मुक्काम ठोकायचा नसतो, हे त्यांच्या पिढीच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की चहाचा कप हातात घेतानासुद्धा ते अवघडल्यासारखे व्हायचे. कुणी भेटायला आलं की न विचारता सांगायचे, "आलतो जरा, जातोच आता."

त्यांना थांबवलं ते माशांनी. माझा नवरा नोकरीसाठी रोज पुलगावला रेल्वेगाडीनं ये-जा करतो, आणि गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर जगातल्या सगळ्या भानगडी पाहतो. त्यातलीच एक ही. नाव ॲक्वापोनिक्स. एका मोठ्या काळ्या टाकीत मासे. त्यांनी घाण केलेलं पाणी पंपानं वर चढतं, गिट्टी भरलेल्या अर्ध्या कापलेल्या ड्रमांमधून फिरतं, तिथली भाजी त्यातलं आपल्या कामाचं खाऊन घेते आणि स्वच्छ झालेलं पाणी परत माशांकडे येतं. माती नाही, खत नाही. बाबांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. "मातीच नाई तं वावर कायचं?" आणि आठवडा व्हायच्या आत त्यांचा सगळा दिवस वरच जायला लागला. त्याला ते वरचं वावर म्हणायला लागले. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला त्यांच्याकडे कारण होतं. "जावई पुलगावले जाते, पोरीले यातलं काई समजत नाई. माशायले सोडून कसं जाऊ?" मला समजत नाही हे मीही त्यांना अधूनमधून ऐकवत असे. थोडंफार समजत होतं, पण मी मुद्दाम पालकाची रोपं वाकडीतिकडी लावायचे आणि त्यांची बोलणी खायचे.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, आणि मग थंडी पडली.

आम्ही वर्ध्याची माणसं. आम्हाला काय कळतं ते उन्हातलं. मे महिन्यात कुठल्या भिंतीला टेकू नये, गच्चीला चुना कधी मारावा, नळाचं पाणी किती वाजेपर्यंत अंगावर घेता येतं, हे आमच्या लहान पोरांनाही माहीत असतं. थंडी म्हणजे कानटोपी काढायची, शेकोटी पेटवायची, तिळाचे लाडू खायचे आणि ती जायची वाट पाहायची. त्या वर्षी मात्र लाटच आली. उत्तरेचा कोरडा वारा सुटला तो थांबेचना. सकाळी गच्चीच्या कठड्यावर हात ठेवला की चटका बसावा तसा गारठा लागायचा.

मासे आधी सुस्तावले, मग टाकीच्या तळाशी जाऊन बसले. एरवी बाबांची सावली पडली की वर झेपावणारे ते तिलापिया आता दाणे टाकले तरी हलत नव्हते. बाबांनी दाणे वाढवले. थंडीत बैलाला ढेप जास्त द्यावी लागते, त्या हिशेबानं. दाणे फुगून तरंगत राहिले आणि पाण्याला वास यायला लागला. नवऱ्यानं गाडीत पुन्हा मोबाईल काढला. ज्यांच्याकडे बर्फ पडतो अशा लोकांचे सल्ले त्याला मिळाले, म्हणजे काचेचं घर बांधा, बॉयलर बसवा. शेवटी काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांचा एक छोटा हीटर त्यानं आणला. एवढ्या टाकीत तो बसवणं म्हणजे हंडाभर पाण्याखाली उदबत्ती लावण्यासारखं होतं.

तेव्हा बाबांनी सूत्रं हातात घेतली. "पानी चालू ठेवा," ते म्हणाले. "थंडी पडली का आमी काय करतो? गव्हाले, हरभऱ्याले रात्री ओलीत देतो. पानी चालू असलं का पिकाले थंडी बाधत नाई." पंप आधी थोडा वेळ चालायचा, थोडा वेळ थांबायचा, तसं नवऱ्यानं बसवून ठेवलं होतं. बाबांनी ते काढायला लावलं. पंप अहोरात्र सुरू झाला. आम्ही दोघांनी ऐकलं, कारण उभा जन्म ज्या माणसानं थंडीतून पिकं वाचवली त्याला आम्ही काय शिकवणार होतो? आणि खरं सांगायचं तर त्यांना असं हुकूम सोडताना पाहून मला बरंही वाटलं. आजवर या घरात त्यांनी साधं मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

पंप चालत राहिला आणि मासे आणखी निजत गेले. एका सकाळी बाबा खाली आले ते सरळ बाजेवर बसले. "एकाले कापूस फुटला," म्हणाले. मी वर जाऊन पाहिलं. एका माशाच्या पाठीवर पांढरा पुंजका होता, फुटलेल्या बोंडासारखा. दोन दिवसांनी तो मासा उलटा तरंगत होता. बाबांनी त्याला लिंबाच्या कुंडीत पुरलं आणि त्या दिवशी जेवताना त्यांनी भाकर अर्धी मोडून ठेवली. मग दुसऱ्याला कापूस फुटला.

माझी झोप उडाली. पहाटे त्यांच्या काठीचा जिन्यावरचा आवाज ऐकत मी पडून राहायचे. वर त्या वाऱ्यात त्यांचा दमा उसळेल ही एक भीती. वर आणखी एखादा मासा मेलेला सापडेल ही दुसरी. ते खाली आले की मी आधी त्यांचा खोकला ऐकायचे, मग तोंड पाहायचे, मग नजर खुंटीवरच्या पिशवीकडे जायची. मासे गेले तर या माणसाला आपण काय सांगून थांबवणार, हेच डोक्यात फिरत राहायचं. भाजी करपायची, दूध उतू जायचं. नवरा म्हणाला, "अवं, तू माशांपेक्षा जास्त आजारी दिसून राह्यली." मी त्याच्या अंगावर अशी ओरडले की तो डबा विसरून गाडीला गेला.

त्यात एक दिवस लाईनचं काम निघालं आणि सकाळपासून वीज नव्हती. पंप बंद. पाणी फिरलं नाही तर माशांना हवा मिळत नाही, एवढं मलाही माहीत होतं. बाबा टाकीजवळ बसून मगानं पाणी काढून परत ओतत राहिले. मी त्यांच्या हातातला मग ओढून घेतला, त्यांनी माझ्या हातातला. दुपारी पाहिलं तर मासे वर आलेले. आमचा जीवच गेला. मरायच्या आधी हवेसाठी तोंड काढतात, असं नवऱ्यानं कधीतरी सांगितलं होतं. पण ते तोंड काढत नव्हते, फिरत होते. बाबांनी भीत भीत चिमूटभर दाणे टाकले. मासे येऊन खाऊन गेले. संध्याकाळी वीज आली, पंप सुरू झाला आणि दुसऱ्या सकाळी मासे परत तळाशी. ऊन पडलं असेल म्हणून आले असतील वर, असं आम्ही ठरवून टाकलं. डोळ्यांसमोर उत्तर ठेवलेलं असताना तिघंही दुसरीकडेच पाहत होतो.

रविवारी नवरा घरी होता. मी चहा घेऊन वर गेले. बाबा कानटोपी घालून टाकीच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, पाठीमागे पाणी परत टाकीत पडायची जागा. वारा तिकडूनच येत होता. चहाचा घोट घेऊन ते कुरकुरले, "पोरी, हा कूलर बंद कर ना. पाठ गारठून राह्यली."

मी हसले. नवराही हसला. मग त्याचं हसू थांबलं, आणि त्याच्याकडे पाहून माझं.

कारण तो कूलरच होता. उन्हाळ्यात पाणी तापून मासे उकडायला लागले होते, तेव्हा नवऱ्यानं आमच्या जुन्या लोखंडी कूलरच्या ताट्या काढून तिथे बसवल्या होत्या. परतणारं पाणी त्या ताट्यांच्या भुशातून झिरपत, वाऱ्यात ठिबकत टाकीत पडायचं आणि थंड व्हायचं. सबंध मे महिना त्यानंच मासे वाचले होते. त्या ताट्या काढायचं कुणाच्याही ध्यानात आलं नाही. वरून सावलीसाठी बांधलेली हिरवी जाळीही तशीच होती. आणि आम्ही भर थंडीत, कोरड्या वाऱ्यात, तो कूलर रात्रंदिवस चालवत होतो. जेवढी काळजी जास्त, तेवढं पाणी जास्त फिरवायचं, आणि तेवढं ते गार व्हायचं.

बाबा उठले. ताटीखाली त्यांनी हात धरला, बराच वेळ धरून ठेवला. "म्हंजे मीच मारले," ते म्हणाले.

"नाई मामाजी," नवरा घाईघाईनं म्हणाला, "ताट्या तं म्या लावल्या. त्या काढाच्या मीच विसरलो." ते खरंही होतं. त्यानं पंप बंद केला, ताट्या उपसून कोपऱ्यात टाकल्या. पण बाबा तोवर जिन्याकडे वळले होते.

दुपारी ते जेवले नाहीत. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. दोरीवरचं धोतर त्यांनी काढलं, मांडीवर घेऊन हातानं सारखं केलं, घडी घातली. मग दुसरं. नवऱ्याला विचारलं, "पवनारची बस सकाळी केव्हा राह्यते?" नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

मला म्हणायचं होतं, बाबा, मासे गेले खड्ड्यात, तुम्ही माझ्यासाठी राहा. पण ते म्हटलं असतं तर ते त्याच दिवशी निघाले असते. लेकीसाठी थांबणं त्यांना जमणारं नव्हतं. माशांसाठी थांबणं जमत होतं, आणि तेवढ्याच धाग्यावर माझं सगळं टांगलेलं होतं. मग मला जे येतं तेच मी केलं. भांडले.

"जा," मी ओट्यावर पातेलं आपटून म्हणाले. "जाता जाता मासेही घेऊन जा. पिशवीत भरून देऊ का? ताट्या काढल्या, पन आता पुढं काय कराचं? ह्याइले उद्या गाडी पकडाची आहे. मले यातलं काय समजते? मेले तं मले विचारू नका."

मी भांडी घासत राहिले, घासलेलीच पुन्हा घासली. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचा रागही येत होता. मग मागून बाबांचा आवाज आला.

"बाई, तुमच्या बोरचं पानी सकाळी कसं असते?"

"कसं म्हंजे? कोमट असते. वाफ निघते त्यातून."

"आमच्या विहिरीचंही तसंच." ते थांबले. मी मागे वळून पाहिलं. धोतराची घडी मांडीवर तशीच होती, नजर जमिनीवर. "वावरात आपन विहिरीचं पानी देतो. ते जमिनीच्या पोटातून येते, कोमट. म्हनून पीक वाचते. इथं आपन त्याच त्या पान्याले फिरवून राह्यलो. गार झालेल्याले आनखी गार करून राह्यलो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ओलीत बरोबर होतं. पानी चुकलं."

एवढं बोलून ते उठले आणि काठी न घेताच जिना चढायला लागले. मी हात पुसत मागे धावले.

बोरची नळी आम्ही टाकीच्या तळाशी सोडली. एकदम जास्त कोमट पाणी आलं तरी मासे दगावतील, असं नवरा म्हणाला, म्हणून धार करंगळीएवढी ठेवली आणि वरचं जास्तीचं पाणी झाडांना काढून दिलं. तरी मला भीती होतीच. बाबा पाण्यात हात घालून बसले, भाताला वाफ आली का पाहावी तसं मधून मधून बोटानं पाहत. हिरवी जाळी सोडली तसं दुपारचं ऊन काळ्या टाकीवर पडलं. पंप फक्त ऊन असताना चालवायचा ठरला, आणि हवेसाठी बुडबुडे सोडणारं एक लहानसं यंत्र नवरा शहरात जाऊन घेऊन आला.

संध्याकाळ व्हायला लागली तसा वारा परत सुटला. टाकी झाकायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल होता, वरून प्लास्टिक. प्लास्टिक फडफडून उडायला लागलं. बाबा खाली गेले. मला खालून खुंटीचा आवाज आला, पिशवी काढल्याचा. माझा हात प्लास्टिकवर होता तसाच राहिला. गेले हे, असंच मला वाटलं.

ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात घोंगडी होती.

त्यांनी ती झटकली, टाकीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. ह्याच घोंगडीत त्यांनी वावरातल्या रात्रीच्या जागली काढल्या होत्या, हे मला माहीत होतं. "आता तुमी काय पांघरसान?" मी विचारलं.

"काऊन? तुह्या घरी रजया नाई का?"

मी त्यांना सगळ्यात जाड रजई दिली. ती पांघरून ते झोपले आणि मी आत जाऊन रडले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर मी थंडीनं डोळ्यांतून पाणी येतंय म्हणाले.

एवढ्यानं काळजी संपली नाही. कापूस फुटलेला तो दुसरा मासा गेलाच. त्या सकाळी बाबा खाली आले तेव्हा मी पिशवीकडे पाहिलं आणि ते माझ्याकडे. "बाकीचे वर येऊन राह्यले," ते म्हणाले. संक्रांतीपर्यंत आमचं हेच चाललं. सकाळी बोरचं कोमट पाणी, दुपारी ऊन, संध्याकाळी घोंगडी. हळूहळू मासे बाबांची सावली पुन्हा ओळखायला लागले. मेथीला नवी पानं आली.

मग थंडी ओसरली, आणि मला दुसरी धास्ती लागली. मासे आता धडधाकट होते. म्हणजे बाबा निवांत मनानं जायला मोकळे होते. गावाकडून कुणीतरी निरोपही दिला होता, की गहू निघायला आला, एकदा येऊन पाहून जा. बाबा "पाह्यतो" म्हणाले होते. पाहतो म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

घोंगडीला माशांचा, शेवाळाचा असा काही वास लागला होता की विचारू नका. मी ती धुवायला घेतली. भिजलेली घोंगडी उचलताना कंबर मोडली. कठड्यावर वाळत घातली. घोंगडी लवकर वाळत नाही, याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. पण ऊन आता आमच्या वर्ध्याचं झालं होतं. ती वाळलीच.

मी घडी घातली, खाली आणली, बाबांच्या बाजेवर ठेवली. समोर खुंटीवर पिशवी होती. तिथे उभं राहवेना, म्हणून स्वयंपाकघरात आले. ओट्यावर काहीच नव्हतं. मी उगाच गॅस पेटवला, पुन्हा बंद केला. मागे खुंटीवरून काहीतरी निघाल्याचा आवाज झाला आणि मी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं ते दारात येऊन उभे राहिले. एका हातावर घोंगडी, दुसऱ्या हातात ती पिशवी, तिचं तोंड उघडं, आतली धोतरं दिसत होती. चहाचा कप घेतानासुद्धा कधी अवघडले नसतील इतके अवघडलेले.

"बाई," ते म्हणाले, "त्या कपाटात थोडी जागा आहे का?"

"आहे ना," मी म्हणाले. एक घोंगडी आणि दोन धोतरं मावतील एवढी जागा तिथे होतीच, पण मी आत गेले, माझ्या सगळ्या साड्या पलंगावर ओढून टाकल्या आणि अख्खा कप्पा रिकामा केला.